पिरोटनहून परतलेले तिघे

१

दसऱ्यानंतरचे पंधरा दिवस सुधाकर रोज सकाळी सायकल काढून राजघाटावर जायचा आणि तापीच्या पाण्यात तोंड बुडवून पालथा पडून राहायचा. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका पहिल्या दिवशी घाबरल्या, दुसऱ्या दिवशी हसल्या, मग त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं. लोधीपुऱ्यातल्या या विज्ञानाच्या मास्तराला सदा काही ना काही उद्योग लागतो, हे साऱ्या बुऱ्हाणपुराला ठाऊक होतं.

या खेपेचा उद्योग म्हणजे पाण्याखाली बघायचा मुखवटा. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून त्यात बशीएवढी गोल काच बसवलेली, चांभारी दोऱ्याचे दुहेरी टाके, फटी खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीने बुजवलेल्या. डोक्यामागे बांधायला रबराचाच पट्टा. टिनवाल्या सुपडूकडून वाकवून घेतलेली हातभर नळी कानाजवळून वर गेलेली. तिचं एक टोक दातांत धरायचं, दुसरं पाण्याबाहेर राहायचं. असे दोन मुखवटे त्याने स्वतःच्या हाताने शिवले होते.

पावसाळा सरला तरी तापी गढूळच होती. काचेतून दिसायचं काहीच नाही. ऐकू मात्र यायचं. नळीतून आत येणारा आणि बाहेर जाणारा आपलाच श्वास, भात्यासारखा, मोठा आणि जवळचा. तो शंभर श्वास मोजायचा आणि उठायचा. शंभर पुरे होताना एक विलक्षण निवांतपणा यायचा. त्या दिवसांत त्याला निवांतपणा दुसरीकडे कुठेच मिळत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत जामनगरला जायचं ठरलं होतं. तिथून मचव्याने पिरोटन बेट. ओहोटीला बेटाभोवतीचा प्रवाळाचा खडक मैलभर उघडा पडतो. मंगलाचा, म्हणजे सुधाकरच्या बायकोचा, मावसभाऊ जामनगरला बंदरखात्यात कारकून होता. त्याने मचवा ठरवून दिला होता. खडकावरचे नमुने आणायचे, शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत मांडायचे आणि जानेवारीत भोपाळहून तपासणीला साहेब आले की त्यांना दाखवायचे. पोवळं दाखवणारा मास्तर साऱ्या निमाडात दुसरा निघाला नसता.

"दुसरा मुखवटा दिगंबरला दे," हेडमास्तर म्हणाले होते. ते मार्चमध्ये निवृत्त व्हायचे होते. "दोघं जा. सोबतीला ड्रिलमास्तर चुडामणला न्या. आणि तुमचं जे काय आहे ते समुद्रात टाकून या."

२

जे काय होतं ते सोळा वर्षांपूर्वीच्या एका सकाळचं होतं.

सुधाकर आणि दिगंबर लोधीपुऱ्यात एका भिंतीला लागून वाढले. एकत्र शाळेत गेले, एकाच खोलीत राहून नागपूरला बी.एस्सी. झाले आणि एकाच तारखेला या शाळेत लागले. त्या सकाळी दिगंबरची सायकल पंक्चर झाली. सुधाकरने त्याला आपली सायकल दिली, "तू हो पुढे" म्हणाला, आणि पंक्चर काढून घेऊन मागाहून चालत आला. दिगंबर सकाळी रुजू झाला. सुधाकरच्या कागदावर कारकुनाने दुपारी रुजू असं लिहिलं. दोघांनी त्यावर चहा पिऊन हसून घेतलं.

छप्पन्न साली प्रांत मोडले आणि नवे जुळले. नागपूर तिकडे गेलं, बुऱ्हाणपूर इकडे राहिलं. जामनगर मुंबई राज्यात आणि मराठी बोलणारे आम्ही भोपाळच्या हाताखाली, असं लोक कडवट हसून म्हणत. चार ठिकाणचे मास्तर एका खात्यात आले आणि त्या सगळ्यांची ज्येष्ठतेची एकच यादी निघाली. दिगंबर एक्केचाळिसावा, सुधाकर बेचाळिसावा. हेडमास्तरची जागा एक्केचाळीसपर्यंत येऊन थांबत होती.

"आपण दोघं बरोबर रुजू झालो एवढं तू लिहून दे," सुधाकर त्याला म्हणाला. "मग ते चिठ्ठी टाकतील. तुझी निघाली तर तुझी."

दिगंबरने चष्मा काढून पुसला. चष्म्याशिवाय त्याला दहा हातांवरचं माणूस ओळखू येत नसे, आणि ज्याच्याकडे बघायचं नाही त्याच्यासमोर तो चष्मा पुसत बसे. "कागदावर जे आहे ते आहे, सुध्या," तो म्हणाला. "मी काय लिहिणार?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. शिक्षकांच्या खोलीत समोरासमोर बसत, खडू मागायचा तर तिसऱ्याला सांगत. त्यांच्या बायका, मंगला आणि निर्मला, परसातल्या भिंतीवरून लोणचं-पापड देत-घेत राहिल्या. पण आवाज दबून गेले.

३

जामनगरच्या बेडी बंदरातून मचवा निघाला तेव्हा जेमतेम उजाडत होतं. भरती पुरती भरलेली होती. म्हातारा तांडेल मागे सुकाणूला बसला, एक खलाशी शिडाशी. सुधाकर मधल्या फळीवर, दिगंबर पुढच्या टोकाला. चुडामण तुकईथडचा, केळीच्या बागांत वाढलेला धिप्पाड गडी. तो डोलकाठीला धरून दोघांच्या मध्ये बसला आणि बंदर मागे पडायच्या आत ओकायला लागला.

आभाळ चांगलं नव्हतं. दक्षिणेला शिशाच्या रंगाचा एक पट्टा आडवा पडला होता आणि वारा मधेच थांबत होता.

"दो बजे मैं आवाज दूँगा," तांडेल म्हणाला. "आवाज दूँ तो समझो पानी चढ़ने लगा. फिर खड़े नहीं रहना, साब. इधर पानी चलके नहीं आता, दौड़के आता है."

"हां," सुधाकर म्हणाला. पुढून दिगंबरही "हां" म्हणाला. दोघांनी एकाच वेळी हां म्हटल्याचं दोघांनाही आवडलं नाही.

दहाच्या सुमाराला मचवा खडकाच्या कडेला नांगरला. पाणी ओसरत गेलं तसा खडक वर आला, काळा, खरखरीत, मधे मधे गुडघाभर पाण्याची डबकी. सुधाकर डबा आणि छिन्नी घेऊन उतरला. दिगंबरने चष्मा काढून डबीत घातला आणि डबी चुडामणकडे दिली.

"जपून ठेवा, मास्तर. आल्याबरोबर लागेल मला."

मग त्याने मुखवटा तोंडावर ओढला. काच त्याच्यापुरती बिनकामाची होती हे सुधाकरला कळत होतं. अधू डोळ्यांना पाण्यात काय दिसणार? आपण करतो ते यालाही करायचं आहे, एवढंच, असं त्याच्या मनात आलं.

सुधाकर उजवीकडे गेला. दिगंबर डावीकडे, तिवराच्या झाडीच्या दिशेने. चुडामण मचव्यात आडवा झाला.

४

खडकाच्या कडेला पाणी छातीभर होतं. सुधाकर पालथा पडला.

पहिले काही क्षण तो सगळं विसरला. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी जांभळी, पिवळट, हिरवी पोवळी. त्यांच्या फटींतून हळदीच्या रंगाचे मासे निघत आणि बोट हलवलं की नाहीसे होत. सगळीकडून एक बारीक तडतड ऐकू येत होती, भट्टीत लाह्या फुटाव्यात तशी. खडकातले झिंगे अशी तडतड करतात, हे त्याने वाचलेलं होतं. वाचलेलं खरं निघाल्याचा त्याला आनंद झाला.

त्याने सवयीने श्वास मोजायला सुरुवात केली. वीस झाले, तीस झाले. वरून ढग आले असावेत; पाण्यातला उजेड मळका झाला आणि तळाची रेती उठून धुरळ्यासारखी पसरू लागली. साठ. एकसष्ट. एकसष्टच्या आत काहीतरी मिसळलं.

तो श्वास बाहेर सोडत होता आणि नळीत कोणीतरी श्वास आत घेत होतं.

तो घाबरला नाही. दिगंबर जवळ आला असेल, त्याला वाटलं. पाण्यातून आवाज हवेपेक्षा वेगाने जातो. नववीला तो हे दरवर्षी शिकवायचा. दिगंबरच्या नळीतला श्वास पाण्यातून आपल्या नळीच्या पत्र्यावर येतो आणि कानात उमटतो. सरळ गोष्ट होती.

खात्री करावी म्हणून त्याने आपला श्वास रोखून धरला. दुसरा श्वास चालूच राहिला. संथ, जड. आत घेताना शेवटी थोडा अडखळायचा, बराच वेळ रडून झालेल्या माणसाचा अडखळतो तसा.

त्याने मान वळवली. धुरळ्यात तीन-चार हातांवर पावलं दिसली. पालथ्या पोहणाऱ्या माणसाचे तळवे, पांढरेफटक, सुरकुतलेले. सुधाकरचे तळवे इतके सुरकुतले नव्हते, आणि दोघं पाण्यात उतरून अजून तासही झाला नव्हता. ही गोष्ट तेव्हा त्याच्या लक्षात आली नाही. तेव्हा त्याला एवढंच वाटलं की अख्खा समुद्र पडला असताना याला माझ्याच बाजूला यायचं होतं.

त्याने तोंड फिरवलं आणि छिन्नी काढली.

५

तांडेलची हाक आली तेव्हा दोन वाजायचे होते. सुधाकर उभा राहिला. सकाळचा शिशाचा पट्टा डोक्यावर आला होता. पाऊस नव्हता, पण वारा पाण्याचे तुषार आडवे मारत होता आणि वीस हातांपलीकडचं दिसत नव्हतं. खडकावरचं गुडघाभर पाणी मांडीपर्यंत आलं होतं.

"चलो साब! चलो, चलो!"

तो मचव्याच्या दिशेने निघाला. मागे पाण्यात पावलं वाजत होती. तो थांबला की थांबत, तो चालला की चालत. दिगंबर येतो आहे, त्याने मनाशी नोंद केली. मागे वळून बघावं असं त्याला एकदा वाटलं. पण वळलो तर नजरानजर होईल, नजरानजर झाली तर काहीतरी बोलावं लागेल. तो वळला नाही.

चुडामणने हात देऊन त्याला वर घेतलं. सुधाकर मधल्या फळीवर बसून डब्याचं झाकण लावत होता तेव्हा मचवा पुढच्या बाजूला कलला आणि सावरला. कोणीतरी वर चढलं होतं.

"सब आ गये?" शिडापलीकडून तांडेल ओरडला. त्याला पुढचं टोक दिसत नव्हतं.

सुधाकरने डोळ्यांवरचं पाणी पुसून पुढे पाहिलं. दिगंबर आपल्या जागी बसला होता. डोक्यावरून घोंगडी घेतलेली, तोंडावर मुखवटा तसाच, नळी कानाशी उभी. गुडघ्यांवर दोन हात ठेवलेले.

"आ गये," सुधाकर म्हणाला.

तीन तास लागले. लाटा मचव्यावर चढत होत्या. खलाशी वाकून डब्याने पाणी उपसत होता, त्याने मान वर केली नाही. चुडामण डोलकाठीला मिठी मारून पडला होता. एकदा तो सरपटत पुढे गेला आणि परत आला. सुधाकर आणि दिगंबर समोरासमोर होते, सहा हातांवर. तुषार डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून याने काच काढलेली नाही, सुधाकरला वाटलं. नाहीतर माझं तोंड बघायला नको म्हणून.

पुढच्या टोकाकडून काहीबाही आवाज येत होता, नळीत वारा घुमावा तसा. सुधाकरने मफलर कानांवरून घेतला आणि हनुवटीखाली घट्ट गाठ मारली.

एकदा, फक्त एकदा, त्याने नीट पाहिलं. काच आतून धुकटली होती. पाहता पाहता निवळली आणि पुन्हा धुकटली. निवळलेल्या वेळात आत जे दिसलं ते पाहून त्याने नजर पायांकडे नेली आणि बंदर येईपर्यंत तिथेच ठेवली. काय दिसलं हे त्याने पुढे कोणालाही सांगितलं नाही. डोळे मिटलेले होते, एवढंच एकदा मंगलाला म्हणाला.

६

अंधारून आल्यामुळे बंदरात लवकरच दिवे लागत होते. धक्क्याला लागताना मचवा डोलला, खलाशाने उडी मारून दोर बांधला. सुधाकर पाठ फिरवून डबा उतरवत होता.

"दिगंबर सर, चला," चुडामण म्हणाला. मग म्हणाला, "सर?"

पुढच्या टोकाला घोंगडी पडली होती. तिच्यातून पाणी निथळत होतं. चुडामणने ती उचलली. खाली मुखवटा होता.

पुढचं सगळं आरडाओरडीत गेलं. माणूस वाटेत पडला, असं आधी सगळे म्हणाले. पण सहा हातांवर समोर बसलेला माणूस पडतो आणि समोरच्याला कळत नाही, हे फौजदाराला पटेना. तांडेलने कुराणाची शपथ घेऊन सांगितलं, मी विचारलं होतं, या साहेबांनी सगळे आले म्हणून सांगितलं. खलाशाने कोणालाच पाहिलं नव्हतं. चुडामणने फौजदाराकडे पाहिलं, सुधाकरकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"मी आजारी होतो. माझे डोळे मिटलेले होते. मी काही पाह्यलं नाही."

सुधाकर त्याच्याकडे बघतच राहिला. याने हात देऊन मला वर घेतलं, मधे सरपटत पुढे जाऊन आला, आणि म्हणतो डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी मचवे जाऊन रिकामे आले. निर्मलाला तार गेली. सुधाकर जामनगरलाच राहिला. राहणं भाग होतं. नवव्या दिवशी पिरोटनच्या तिवराच्या मुळांत प्रेत सापडलं.

ओळख पटवायला त्याला नेलं. माशांनी आणि खेकड्यांनी फारसं काही ठेवलं नव्हतं. तोंडावर मुखवटा होता. पट्ट्याची गाठ डोक्यामागे तशीच, घट्ट. सुधाकरने रबरावरचे टाके पाहिले. दुहेरी, आणि तिसऱ्या टाक्याला दोरा उलटा घेतलेला. ही त्याच्या हाताची खोड होती.

फौजदाराने टेबलावर पंचनाम्यातल्या वस्तू मांडल्या. सुधाकरच्या गळ्यातून उतरवलेला मुखवटा. घोंगडीखाली सापडलेला मुखवटा. त्यांच्या शेजारी प्रेताच्या तोंडावरून काढलेला ओला मुखवटा.

"कितने बनाये थे आपने?"

सुधाकरने मधला हातात घेतला. दुहेरी टाके. तिसऱ्या टाक्याला दोरा उलटा. लांबीवर त्याच्याच अंगठ्याचा ठसा होता.

"मास्टरजी? कितने?"

दोन, असं तो म्हणणार होता. मग त्याच्या लक्षात आलं की दोन म्हटलं तर पुढचा प्रश्न येईल आणि त्याचं उत्तर जगात कोणाकडेच नाही.

"तीन," तो म्हणाला, आणि सही केली.

७

माणूस खडकावर राहिला आणि सोबत्याने सगळे आले म्हणून सांगितलं. गावात एवढंच कळलं, आणि गावाला एवढंच पुरलं. दोघांचं भांडण कशावरून हे सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या दारातला चहावाला आधी सुधाकरला हाक मारून बसवायचा. आता पेला पुढे करून तोंड दुसरीकडे न्यायचा.

चौकशी झाली. अपघात असा निकाल आला. एप्रिलमध्ये सुधारित यादी आली. एक्केचाळिसावं नाव कमी झालं होतं, खालची सगळी एकेक घर वर सरकली होती. जुलैत सुधाकर हेडमास्तरच्या खुर्चीत बसला. नको म्हणावं असं त्याच्या मनात आलं नाही, असं नाही. पण नको म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, मन खातंय. हो म्हटल्यावर लोक म्हणाले, यासाठीच होतं सगळं. त्याने हो म्हटलं.

घर सोडून इच्छापूरला भावाकडे जाण्याआधी निर्मला एकदा आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. हातात दिगंबरच्या चष्म्याची डबी होती. चुडामणने ती परत दिली होती.

"भावजी, एकच विचारायचंय. तुम्ही म्हणता, ते तीन तास तुमच्यासमोर बसले होते."

"होते, वहिनी."

"यांनी चष्मा मागितला नाही? घरात आंघोळीहून बाहेर आले की आधी चष्म्यासाठी हात पुढे करायचे. तीन तासांत एकदाही मागितला नाही, आणि तुम्हाला त्याचं काही वाटलं नाही?"

सुधाकर त्या डबीकडे बघत राहिला.

"बरं," ती म्हणाली आणि गेली. मंगला तिच्यामागे नाक्यापर्यंत गेली, आणि परत आली ती वेगळीच होऊन आली. ती स्वयंपाक करायची, वाढायची, विचारलं तर उत्तर द्यायची. पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. लाजेने असेल, तो स्वतःला समजवायचा. नवऱ्याच्या लाजेने बायका अशा होतात. तरी सकाळी दाढी करताना आरशासमोर तो उगाच थोडा जास्त वेळ उभा राहायचा.

८

श्रावणात चुडामण राजीनामा घेऊन आला. दुपारची वेळ होती, वर्ग चालू होते. त्याने कागद टेबलावर ठेवला.

"गावाले जातो, सर. बाप थकला. बाग पाहाले कोनी नाही."

"बसा," सुधाकर म्हणाला.

चुडामण बसला नाही. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"सर, मी फौजदाराले खोटं सांगतलं. मी समदं पाहात होतो."

"मला माहीत आहे."

"नाही, तुमाले माहीत नाही. मी त्याले पाणी द्याले पुढे गेलतो. त्यानं ते रबर काढलं नाही. नळी वाकडी करून पुढे केली. मी नळीत पाणी वतलं. तो ते पेला. मंग नळीतूनच बोलला. म्हने, सुधाकर आला का?"

बाहेर कुठल्या तरी वर्गात पाढे चालले होते.

"मी म्हनलं, हाव, आले. हे काय, समोर बसेल आहेत. त्यानं तुमच्याकडे पाह्यलं. लय वेळ पाह्यलं, सर. मंग म्हने, तो नाही. सुधाकर खडकावर राह्यला. परत वळवा."

सुधाकरने टेबलावरचा कागद सरळ केला. "चष्मा तुमच्या खिशात होता," तो म्हणाला. "चष्म्याशिवाय दिगंबरला माणूस ओळखू यायचा नाही."

"हाव. मी बी स्वतःले तेच सांगतो. पण दिगंबर सर तं तिकडे तिवरात होते ना? मंग चष्मा नव्हता तो कोनाले?"



"आवाज कोणाचा होता?" सुधाकरने विचारलं.

"त्यांचाच. त्यात काही फरक नाही." चुडामणने डोळे पुसले. "मी तांडेलले ओरडून सांगतलं, परत वळवा म्हनतात. दोनदा सांगतलं. वाऱ्यात त्याले गेलं नाही. मले तं उठता येत नव्हतं. मले वाटलं, तुमी समोरच आहात. तुमी सांगसान."

त्याने हात जोडले आणि तो गेला. जाताना दारापर्यंत पाठ न फिरवता मागे मागे सरत गेला. आदराने असेल.

सुधाकर त्या दिवशी लवकर घरी आला. मंगलाने पान मांडलं. आजवर त्या दिवसाबद्दल त्याने तिला धड काही सांगितलं नव्हतं. आता वरणभात कालवत, मान खाली घालून, त्याने चुडामणचं सगळं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. मंगला ओट्याशी उभी राहून ऐकत होती.

"म्हणजे ते तुमच्यासाठी वळवा म्हणत होते," ती म्हणाली.

"ते कोण होतं ते मला माहीत नाही."

"कोणी का असेना. वळवला असता तर दिगंबरभावजी सापडले असते. पाणी तेव्हा कमरेपर्यंतच असेल." ती पुढे आली आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तांडेलला ऐकू गेलं नाही. तो मागे होता. तुम्ही समोर होतात. तुम्हाला नाही ऐकू आलं?"

सुधाकरने हातातला घास ताटात ठेवला.

"'परत वळवा', एवढं ऐकू आलं होतं."

"मग?"

"मला वाटलं, याचं काहीतरी राहिलं असेल खडकावर. माझ्याशी बोलायचं तर माझं नाव घेऊन बोल म्हटलं. नाव घेतलं असतं तर मी ऐकणार होतो, मंगला. त्याने माझं नाव घेतलंच नाही."

चुलीवरची आमटी उतू जाऊन निखाऱ्यांवर चर्र झालं, तरी मंगला जागची हलली नाही.

"दोनदा ऐकलंत, आणि दोन्ही वेळा तुम्ही गप्प बसलात?"

"दोनदा नाही," सुधाकर म्हणाला. "बेडी बंदराचे दिवे दिसेपर्यंत तो नळीतून तेच म्हणत होता."